शेवटचे हजार फूट

मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे येताना वाटेत लासूर स्टेशन लागते. हा मार्ग मीटरगेज होता त्या काळातील एक दृश्य आमच्या पिढीच्या लक्षात आहे. सुटणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती एक मोठी कडी दिली जाई. तिला अडकवलेल्या चामडी पिशवीत धातूचा गोळा असे. पुढच्या स्टेशनापर्यंतच्या एकेरी रुळावर जाण्याचा तो परवाना. दोन्ही स्टेशनांवरील यंत्रे तारेने जोडलेली असत. एक गोळा बाहेर निघाला, की तो पुढील यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघत नसे. नियम साधा होता : एक रूळ, एक गाडी.

आकाशात रूळ नसतात. मग तेथे टक्कर कशी टाळतात?

प्रारंभी वैमानिकाच्या डोळ्यांवरच भिस्त होती. ३० जून १९५६ रोजी अमेरिकेत ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमाने एकमेकांवर आदळली आणि १२८ माणसे मेली. वेगवान विमानांसाठी डोळे पुरेसे नाहीत, हे स्पष्ट झाले. त्याच सुमारास मॉरेल या शास्त्रज्ञाने एक महत्त्वाचा विचार मांडला : दोन विमानांत अंतर किती आहे यापेक्षा टक्कर व्हायला वेळ किती उरला आहे, ते पाहा.

हे गणित वर्गात फळ्यावर करून दाखवता येईल. समोरासमोर येणारी दोन विमाने प्रत्येकी ताशी ९०० किलोमीटर वेगाने उडत असतील, तर ती एकमेकांच्या जवळ ताशी १८०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला अर्धा किलोमीटर वेगाने येतात. मध्ये १० किलोमीटर अंतर असले तरी हाती २० सेकंदच उरतात. उलट, एकामागून एक उतरणाऱ्या विमानांतील अंतर ताशी २० किलोमीटरनेच कमी होत असेल, तर १ किलोमीटर अंतरालाही १८० सेकंद लागतात. हा आकडा दिलासा देणारा दिसतो. पण एवढ्या जवळ एखाद्याने अचानक वळण घेतले तर? म्हणून यंत्राला वेळेबरोबर नुसते अंतरही तपासावे लागते.

विचारापासून यंत्रापर्यंत यायला तीस वर्षे लागली. १९७८ मध्ये सॅन डिएगो येथे आणि १९८६ मध्ये लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस येथे उतरण्याच्या बेतात असलेली प्रवासी विमाने छोट्या विमानांना धडकली. त्यानंतर १९८७ मध्ये अमेरिकेने कायदा करून मोठ्या प्रवासी विमानांना ‘टीकॅस’ हे यंत्र सक्तीचे केले. हे यंत्र आसपासच्या विमानांना रेडिओ लहरींनी प्रश्न विचारते. त्या विमानांतील ट्रान्सपॉन्डर उत्तर देतो. त्यावरून अंतर, उंची आणि उरलेला वेळ काढला जातो. धोका वाढला की दोन्ही विमानांतील यंत्रे आपसांत ठरवून एका वैमानिकाला ‘वर चढा’ आणि दुसऱ्याला ‘खाली उतरा’ असे सांगतात.

भारताला हा धडा १२ नोव्हेंबर १९९६ रोजी मिळाला. दिल्लीला उतरण्यासाठी येणारे कझाकस्तानचे विमान नेमून दिलेली १५,००० फुटांची उंची सोडून खाली आले आणि चरखी दादरीवर सौदी अरेबियाच्या विमानाला धडकले. ३४९ जण गेले. त्यानंतर आपल्याकडेही टीकॅस सक्तीचे झाले.

परंतु या यंत्राला एक मर्यादा आहे. जमिनीपासून सुमारे १००० फुटांखाली ते ‘चढा-उतरा’ अशी आज्ञा देत नाही. ते योग्यच आहे. जमीन इतकी जवळ असताना ‘उतरा’ म्हणणे घातक ठरेल. शिवाय, ज्याच्याकडे ट्रान्सपॉन्डर नाही, त्याचे अस्तित्व त्याला कळतच नाही.

या दुसऱ्या मर्यादेचा अर्थ समजण्यासाठी आपल्याच जिल्ह्यातील घटना आठवावी. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ धावपट्टीच्या टोकापाशी कसेबसे उचलले गेले आणि पलीकडच्या रस्त्यावरील कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले. पुढे ते विजेच्या तारांवर आदळून कोसळले. विमानातील ११८ जणांपैकी ५५ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत दोन कारणे पुढे आली : वैमानिकांनी विमान उशिरा व चुकीच्या पद्धतीने उचलले आणि उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक रोखली गेली नव्हती. कोणतेही टीकॅस त्या ट्रकची सूचना देऊ शकले नसते. तेथे हवे होते एक फाटक आणि ते वेळेवर बंद करणारा माणूस.

पहिली मर्यादा ८ जून २०२४ रोजी मुंबईत दिसली. एअर इंडियाचे विमान तिरुअनंतपुरमला जाण्यासाठी धावपट्टीवर धावत होते. ते हवेत जाते न जाते तोच, त्याच धावपट्टीवर मागून इंदूरहून आलेले इंडिगोचे विमान टेकले. कोणालाही इजा झाली नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे प्रत्यक्षात बहुधा एकाच धावपट्टीवर तासाला चाळीसहून अधिक विमानांची ये-जा होते. अशा ठिकाणी काही सेकंदांची घाईही महाग पडू शकते. त्या नियंत्रकाला कामावरून बाजूला ठेवून चौकशी सुरू झाली. पण चौकशीचा उपयोग दोषी शोधण्यापुरताच नसतो. टळलेला अपघात हा कोणाचा जीव न जाता मिळालेला धडा असतो. तो नोंदवला गेला, तरच पुढच्याला उपयोगी पडतो.

उंच आकाशात यंत्र वेळ मोजते आणि वाट दाखवते. शेवटच्या हजार फुटांत मात्र माणसाला जुन्याच नियमाकडे परतावे लागते : एक धावपट्टी, एक विमान. लासूर स्टेशनवरचा तो गोळा हेच सांगत होता. फरक इतकाच, की तेथे गोळा मिळाल्याखेरीज गाडी निघत नसे. धावपट्टीचा गोळा अजूनही बराचसा माणसाच्या शब्दातच असतो.