ज्योतिष-समुपदेशन (कोल्हापूर)

ज्योतिष-समुपदेशन : जन्मपत्रिका समोर ठेवून माणसाचा स्वभाव, त्याच्या मनाची घालमेल आणि त्याची आध्यात्मिक वाटचाल यांविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय. तो करणारा मुळात ज्योतिषीच असतो. पाटीवर मात्र ‘मार्गदर्शक’, ‘समुपदेशक’ असे शब्द वाढत चालले आहेत. लग्न कधी, नोकरी कुठे, परदेशाचा योग आहे का, हे प्रश्न घेऊनच जातक, म्हणजे पत्रिका दाखवणारा माणूस, येतो. पण उत्तराचा रोख ‘काय होणार’ इथून सरकून ‘तुम्ही असे का वागता’ इथे येतो. कोल्हापूर हे या व्यवसायाला मानवणारे गाव आहे, आणि त्याची सर्वांत कडक परीक्षा घेणारा शास्त्रज्ञही इथेच जन्मला.

पार्श्वभूमी : अंबाबाईच्या देवळाच्या आवारातच नवग्रहांचे स्थान आहे. त्याच देवळात 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी आणि 9 ते 11 नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणे गाभाऱ्यात शिरून क्रमाने देवीच्या पायांवर, छातीवर आणि मुखावर पडतात. किरणोत्सव तो हाच. गणित आणि फलित असे ज्योतिषाचे दोन्ही भाग एका आवारात पाहायचे असतील तर यापेक्षा चांगली जागा नाही. गावापासून जवळ वाडी रत्नागिरीचा जोतिबा आहे, शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडीचे दत्तस्थान आहे. ‘वाडीला (म्हणजे नृसिंहवाडीला) जाऊन या’ हा सल्ला इथल्या माणसाला उपाय म्हणून सांगावा लागत नाही, तो अनेकदा आधीच जाऊन आलेला असतो.

पत्रिकेशिवाय भविष्य सांगणारेही पूर्वापार होते. ग्रामजोशी मुहूर्त आणि पंचांग पाही. पहाटे कंदील घेऊन येणारा पिंगळा, कुडमुडे वाजवीत फिरणारा जोशी, नंदीबैलवाला यांचे भांडवल म्हणजे घराकडे आणि माणसाच्या चेहऱ्याकडे पाहण्याची नजर. दारातली चप्पल, तुळशीवृंदावनाची अवस्था, दार कोणी उघडले, एवढ्यावरून ते बोलायला लागत. आजच्या समुपदेशक ज्योतिष्याचे खरे पूर्वज शोधायचे तर ते पोथीपेक्षा या दारात सापडतील.

राजर्षी शाहू महाराजांविषयी एक गोष्ट कोल्हापुरात आवडीने सांगितली जाते. दरबारी आलेल्या ज्योतिष्याला महाराजांनी अटकेत टाकले, आणि सर्वांचे भविष्य सांगणाऱ्याला स्वतःची अटक कशी कळली नाही, असे विचारले. गोष्ट घडली तशीच सांगितली जाते का हा प्रश्न वेगळा. या गावाला ती सांगावीशी वाटते, हे महत्त्वाचे. छत्रपतींना वेदोक्त विधींचा अधिकार नाकारला गेला त्या वेदोक्त प्रकरणाने पोळलेल्या संस्थानात 1920 मध्ये क्षात्रजगद्गुरूंचे, म्हणजे ब्राह्मणेतर धर्मगुरूंचे, पीठ निघाले. धर्म हवा, पण मध्यस्थाची मिरास नको, ही भूमिका इथे तेव्हापासून रुजलेली आहे. म्हणूनच की काय, इथला जातक ज्योतिष्याला नमस्कारही करतो आणि उलटतपासणीही घेतो.

गणिताची बाजू : कोल्हापूर सुमारे 74 अंश 14 कला पूर्व रेखांशावर आहे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांची असल्यामुळे इथली स्थानिक वेळ घड्याळाच्या 33 मिनिटे मागे असते. क्षितिजावरचा लग्नबिंदू साधारण चार मिनिटांत एक अंश पुढे जातो, म्हणजे ही 33 मिनिटे विसरली तर लग्न आठ-नऊ अंशांनी चुकते. संगणकाने ही चूक संपवली. पंचांगांमधला वाद मात्र संपलेला नाही. सोलापूरचे दाते पंचांग चित्रापक्षाचे, टिळक पंचांग रैवतपक्षाचे; दोघांच्या अयनांशांत, म्हणजे राशिचक्राचा आरंभ कुठून धरायचा त्या मोजमापात, सुमारे चार अंशांचा फरक आहे. तीस अंशांच्या राशीत चार अंशांचा फरक पडला की साधारण सात-आठ माणसांत एकाची चंद्ररास बदलते. भविष्याच्या बाबतीत ज्योतिषी या फरकाची समजूत घालू शकतो. पण रास म्हणजे स्वभाव असे एकदा ठरवल्यावर एकाच माणसाचा स्वभाव दोन पंचांगांत दोन तऱ्हेचा निघतो. स्वभावावर बोलणाऱ्याने याचे उत्तर द्यायला हवे. सहसा ते दिले जात नाही.

बैठक : चंद्र हा मनाचा कारक. चतुर्थस्थानावरून सुख आणि आई, पंचमावरून बुद्धी, नवमावरून गुरू आणि भाग्य, बारावे व्ययाचे तसे मोक्षाचेही. जैमिनी पद्धतीने पाहणारे पत्रिकेत आपापल्या राशीत सर्वांत जास्त अंशांवर असलेला ग्रह ‘आत्मकारक’ मानून त्यावरून जीवाची ओढ कुठे आहे ते सांगतात. विंशोत्तरी दशेची 120 वर्षे नऊ ग्रहांत वाटलेली असतात, शुक्राला 20 आणि रवीला अवघी 6. या चौकटीत जातकाचे गेलेले आयुष्य बसवून दाखवणे ही बैठकीची पहिली पायरी. ‘शाळा बदलली तेव्हा घरात काही बिनसलं होतं का?’ असे ज्योतिषी विचारतो आणि समोरचा बोलू लागतो. शिरोलीत फौंड्री चालवणारा, इचलकरंजीचा मागवाला, स्पर्धा परीक्षेचे तिसरे वर्ष संपवलेली मुलगी, यांना घरी कोणी हा प्रश्न विचारलेला नसतो. पुढचा अर्धा तास पत्रिका नुसती टेबलावर पडलेली असते.

या बैठकीला मराठी माणसाच्या मनात आधीपासून एक आधार आहे. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण ही त्रयी त्याने कीर्तनात ऐकलेली असते. ग्रह प्रारब्ध दाखवतात, क्रियमाण तुमच्या हातात, एवढे म्हटले की दैववाद आणि प्रयत्नवाद यांची तडजोड होते. दोष माणसाच्या माथ्यावरून उतरतो, कर्तव्य मात्र तिथेच राहते. नामस्मरण, गुरुचरित्राचे पारायण, रोज ठरल्या वेळी उठणे असे उपाय त्यातूनच येतात, आणि त्यांनी कोणाचे नुकसान होत नाही. कालसर्पासारखी महागडी शांत ही वेगळी गोष्ट. वराहमिहिराच्या बृहज्जातकात त्या योगाचा मागमूसही नाही, तरी त्याची भीती आज मंगळाच्या बरोबरीने विकली जाते. मंगळाचे तरी काय? पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असेल तर पत्रिका मंगळाची; बारांपैकी पाच स्थाने धरल्यावर, अपवाद वगळण्यापूर्वी, शंभरातली चाळीसहून अधिक माणसे मंगळाची ठरतात. साडेसातीही एका वेळी बारांपैकी तीन राशींना असते, म्हणजे दर चौघांत एकाला.

पाश्चात्त्य धागा : भाकितापेक्षा स्वभावाला महत्त्व देण्याची कल्पना आधुनिक रूपात इंग्लंडच्या ॲलन लिओने पुढे आणली. तो थिऑसॉफिस्ट होता, आणि भविष्यकथनाबद्दल त्याच्यावर 1914 आणि 1917 मध्ये खटले झाले. स्वभाववर्णनाकडचा हा कल जितका तात्त्विक तितकाच कायद्यातून वाट काढणाराही होता. पुढे डेन रुध्यारने 1936 मध्ये व्यक्तिमत्त्वाच्या ज्योतिषावर ग्रंथ लिहिला. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने बंगळूरचे ज्योतिषी बी. व्ही. रामन यांना 1947 मध्ये लिहिलेल्या पत्रात, अवघड रुग्णांच्या बाबतीत आपण पत्रिका मांडून पाहतो असे कळवले. हे पत्र भारतीय ज्योतिषी आजही पुढे करतात. याच युंगने नंतर 483 विवाहित जोडप्यांच्या पत्रिका तपासल्या. पहिल्या गटात आशादायक वाटलेला मेळ जोडपी वाढत गेली तसा विरला. ही बाब मात्र कोणी पुढे करत नाही.

घरचा आधार शोधायचा तर तो चरकसंहितेत अधिक नेमका आहे. चरकाने उपचार तीन प्रकारचे सांगितले : मंत्र, मणी, होम यांचा दैवव्यपाश्रय, आहार आणि औषधांचा युक्तिव्यपाश्रय, आणि मनाला अहितापासून आवरण्याचा सत्त्वावजय. ज्योतिष-समुपदेशन पहिला आणि तिसरा प्रकार एकत्र आणते आणि मधला, औषधाचा, सोडून देते. या व्यवसायाचे बळ आणि धोका दोन्ही या एका वाक्यात आहेत.

परीक्षा : जयंत नारळीकर यांचा जन्म कोल्हापूरचा, 19 जुलै 1938. त्यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह 2008 मध्ये महाराष्ट्रातल्या ज्योतिष्यांसमोर एक कसोटी ठेवली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या मिळून 200 पत्रिका. त्यांतल्या 40 पाहून कोणती कोणाची ते ओळखायचे. 27 ज्योतिष्यांनी उत्तरे पाठवली. यशासाठी 28 बरोबर यायला हवी होती, सर्वोत्तम उत्तर 24 चे आले आणि सरासरी 46 टक्क्यांची. सर्व 200 पत्रिका घेतलेल्या एका संस्थेची 102 उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही एवढेच झाले असते. निष्कर्ष 2009 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले.

समुपदेशक ज्योतिषी यावर म्हणतो, की आम्ही असे ओळखण्याचा दावाच करत नाही, आम्ही माणूस समजून घेतो. हा युक्तिवाद पळवाटेचा आहे. मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोररने 1948 मध्ये 39 विद्यार्थ्यांना एकच स्वभाववर्णन ‘खास तुमचे’ म्हणून दिले. त्यातली वाक्ये भविष्याच्या बाजारी पुस्तकातली होती. विद्यार्थ्यांनी त्याला पाचापैकी सरासरी 4.26 गुण दिले. ‘तुम्ही वरून कठोर पण आतून हळवे’ हे कोणाला पटत नाही? जातकाला पटले, एवढ्याने पत्रिका खरी ठरत नाही. त्याला बरे वाटले असेल तर ते कोणीतरी शांतपणे ऐकून घेतल्यामुळे, असे मानायला जास्त जागा आहे.

शिक्षण आणि कायदा : या व्यवसायाला परवाना लागत नाही. खासगी वर्ग विशारद, शास्त्री, पंडित अशा पदव्या देतात. रामटेकच्या कविकुलगुरु कालिदास संस्कृत विद्यापीठात ज्योतिषाचे अभ्यासक्रम आहेत, इग्नूने 2021 मध्ये ज्योतिषात एम. ए. सुरू केले. त्याआधी विद्यापीठांत ज्योतिष शिकवण्याच्या यूजीसीच्या निर्णयाला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये फेटाळले होते. उलट चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी घ्यावी लागते. ज्योतिषाची पदवी त्या कामाची पात्रता देत नाही, आणि पाटीवरचा ‘समुपदेशक’ हा शब्द वाचणाऱ्याला हा फरक कळत नाही.

महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने ज्योतिषाला हात लावलेला नाही. जोशी-ज्योतिषी, नंदीबैलवाले, वास्तुशास्त्राचा सल्ला देणारे आणि भूगर्भातले पाणी सांगणारे पाणाडे यांचा सल्ला कायद्याने स्पष्टपणे वगळला आहे. ज्या खुनानंतर हा कायदा वटहुकमाच्या रूपात आला तो वरच्या कसोटीतल्याच नरेंद्र दाभोलकरांचा, 20 ऑगस्ट 2013 चा. ‘कालनिर्णय’कर्ते ज्योतिर्भास्कर जयंतराव साळगांवकर यांचे निधनही त्याच दिवशी झाले. ग्रहयोगात रस असलेल्यांनी यातून काय काढायचे ते काढावे. कोशकाराच्या लेखी तो योगायोग आहे.

मर्यादा : झोप उडालेला, जेवण तुटलेला, ‘जगून काय करायचं’ म्हणणारा माणूस समोर बसला असताना त्याला ‘शनी पुढे सरकेपर्यंत थांबा’ असे सांगणे हा या व्यवसायातला सर्वांत मोठा गुन्हा होय. साडेसाती साडेसात वर्षांची असते. तीव्र नैराश्याला उपचारांविना इतकी मुदत देता येत नाही. आवाज ऐकू येणे किंवा कोणी पाठलाग करत असल्याची खात्री वाटणे याला राहूची दशा म्हणून शांत सांगितली, तर उपचाराचे मोलाचे महिने वाया जातात. निम्हान्सने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या 70 ते 92 टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे दिसले. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, पण चित्र फार वेगळे असेल असे मानायला कारण नाही. अशा स्थितीत ज्योतिषी हा अनेकदा घराबाहेरचा पहिला ऐकणारा असतो. त्याची योग्यता त्याच्या भाकितावरून ठरवू नये. पत्रिका मिटून जातकाला डॉक्टरकडे कधी पाठवायचे हे त्याला कळते का, यावरून ठरवावी.

कोल्हापूरला सर्वांत जवळचे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीला आहे. फोनवर बोलायचे असेल तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनाशुल्क मिळते, आणि तिथे मराठीत बोलता येते.