मिमिक पॅनलपासून पडद्यापर्यंत

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार 2 फेब्रुवारी 1955 रोजी झाला, तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेश राज्यात होते त्याची राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्यपुनर्रचनेने विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि भिलाई ज्यात येते त्या दुर्ग जिल्ह्याचा कारभार भोपाळहून सुरू झाला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली.

त्या पिढीच्या अवजड उद्योगांत नियंत्रण-कक्षाच्या भिंतीवर मिमिक पॅनल असे, म्हणजे पत्र्यावर रंगवलेली नळ, झडपा आणि पंख्यांची आकृती, जिच्यातील प्रत्येक झडपेच्या चिन्हाजवळचा दिवा त्याच झडपेच्या स्विचला तारेने जोडलेला असे. झडप उघडली की तिचाच दिवा बदले, बाकीचे चित्र जसेच्या तसे राही. कोणता दिवा कोणत्या झडपेचा, हे जोडणी करतानाच कायमचे ठरलेले असे. मात्र प्रक्रियेत नवी झडप आली की पत्रा कापून तारा पुन्हा ओढाव्या लागत.

या जोडणीला आज्ञावलीचे रूप आले ते 1960 च्या दशकात. 1963 मध्ये आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीमध्ये रचलेल्या स्केचपॅड प्रणालीत दोन रेषा समांतर असाव्यात एवढेच सांगायचे आणि त्या तशा ठेवण्याचे काम यंत्राने करायचे, अशी रीत होती. तिलाच डिक्लरेटिव्ह, म्हणजे कृतीची पायरी न सांगता अपेक्षित स्थितीचे वर्णन करणारी, मांडणी म्हणतात. 1969 च्या मॉडिकॉन 084 या नियंत्रकाने रिलेंच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचांच्या, जोडणीची शिडीसारखी आकृती हीच आज्ञावली मानली, त्यामुळे कारखान्यातील विद्युत-तंत्रज्ञाला ती वाचता आली आणि बदलासाठी तारा उपसण्याची गरज उरली नाही.

संगणकाच्या पडद्यावर मात्र ही शिस्त बराच काळ हरवली. किंमत बदलली की कोणता आकडा, कोणता रंग आणि कोणती सूचना बदलायची हे प्रोग्रामर एकेक करून लिही; एखादी ओळ राहून गेली तर पडद्यावर जुनी स्थिती दिसे, आणि ते टाळण्यासाठी पडदा पुन्हापुन्हा संपूर्ण रंगवला, तर प्रोसेसर व्यर्थ राबे. क्यूटी या साधनसंचात 2010 साली आलेल्या क्यूएमएल भाषेने दिव्याचा रंग झडपेच्या स्थितीला बांधण्याची सोय दिली, म्हणून स्थिती बदलली की केवळ तिच्यावर अवलंबून असलेल्या गोष्टींचाच पुनर्विचार होतो. असे वर्णन चालत्या वेळी वाचत बसण्याऐवजी कंपायलरने, म्हणजे मजकुराचे यंत्राज्ञांत भाषांतर करणाऱ्या आज्ञावलीने, आधीच सी-प्लस-प्लसमार्गे प्रोसेसरच्या भाषेत उतरवले, तर वेग आणखी वाढतो. नव्या झडपेसाठी वर्णनात काही ओळी घालून पुन्हा भाषांतर केले की पुरते.

भिलाईच्या पहिल्या भट्टीचे आकारमान 1,033 घनमीटर होते, तर 2018 मध्ये प्रज्वलित झालेल्या आठव्या भट्टीचे 4,060 घनमीटर आहे, आणि एवढ्या भट्टीचे संकेत पडद्यावर मांडताना जुन्या पॅनलची एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी ठरते. तारेला तांबे आणि मजुरी लागे, म्हणून अनावश्यक तार कोणी ओढत नसे. वर्णनात नवे अवलंबित्व लिहायला काहीच खर्च येत नाही, त्यामुळे सारा पडदा सेकंदागणिक बदलणाऱ्या एकाच किमतीला बांधला गेला, तर कंपायलर कितीही कुशल असला तरी तो पडदा सेकंदागणिक नव्यानेच रंगवावा लागतो.