ओळख आणि उत्तरदायित्व : शाहजोग हुंडी ते व्यवहार-परीक्षण

हुंडीची रक्कम योग्य माणसाच्याच हाती पडावी, हा प्रश्न आपल्याकडील पेढ्यांनी माणसांच्या ओळखीवर सोडविला होता. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहासच मिळत. हुंडी खोटी किंवा चोरीची ठरल्यास ते परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर असे. येथे ‘ओळख’ म्हणजे उत्तरदायी माणसाची साक्ष होय.

क्रेडिट कार्डाने देणारा व घेणारा परस्परांस अपरिचित झाले. आरंभी सही व कार्डाचा क्रमांक यांवरच भिस्त होती. १९९२ साली अमेरिकेतील एचएनसी कंपनीने ‘फाल्कन’ ही संगणकीय प्रणाली आणली आणि परीक्षेचा विषय बदलला. खर्चाची रक्कम, स्थळ व वेळ यांवरून ग्राहकाचा नित्यक्रम ठरू लागला. त्याशी विसंगत व्यवहार संशयास्पद मानला जाऊ लागला. पुढे इंटरनेटवरील देवघेवीत ग्राहकाच्या उपकरणाच्या खुणांचीही भर पडली.

ह्या पद्धतीने चोरी पकडली जाते, हे खरे. परंतु परगावी गेलेल्या प्रामाणिक ग्राहकाचा व्यवहार अडला, तर त्याच्याविरुद्ध साक्ष त्याच्याच सवयींची असते, आणि उलटतपासणी कोणाची करावी हे त्यास उमगत नाही. युरोपीय संघाच्या २०१६ च्या नियमावलीने फसवणूक-प्रतिबंधासाठी अत्यावश्यक तेवढा माहितीचा वापर रास्त मानला. त्याचबरोबर केवळ यंत्राने केलेल्या गंभीर परिणामांच्या निर्णयाबाबत मानवी हस्तक्षेप मागण्याचा हक्कही दिला. शाहाच्या ठायी असलेले उत्तरदायित्वच येथे निराळ्या रूपाने मागितले गेले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.