उन्हाळ्यातही घोडीचे केस झडत नाहीत? ‘कुशिंग’ आजार आणि त्याच्या औषधाचा खर्च

शेंदूरजनाघाट : होळी झाली, ऊन तापलं, तरी म्हाताऱ्या घोडीच्या अंगावरचे हिवाळ्याचे लांब केस तसेच. पाणी जास्त पिते, लघवी जास्त करते, पाठ खाली बसली, पोट लोंबलं. ‘वय झालं’ म्हणून मालक सोडून देतो आणि ऐन लग्नसराईत घोडी पाय टेकवेनाशी होते. वरातीच्या घोडीवर किंवा चिखलदऱ्याला पर्यटक फिरवणाऱ्या टट्टूवर ज्याचं घर चालतं, त्याचा हंगामच बुडतो. अशा वेळी कुशिंग या आजाराची शंका घ्यावी. तो बरा होत नाही, पण आटोक्यात राहतो. औषध मात्र आयुष्यभराचं असल्याने खर्चाचा हिशेब आधीच मांडावा लागतो.

आजार काय आहे?

मेंदूच्या खालच्या बाजूला पीयूष ग्रंथी असते. म्हातारपणी तिच्यावरचा ताबा सुटतो आणि एसीटीएच नावाचं संप्रेरक रक्तात वाढतं. साधारण १५ वर्षांपुढच्या जनावरात हा आजार जास्त दिसतो. तो संसर्गजन्य नाही, शेजारच्या जनावराला लागत नाही. सगळ्यात मोठा धोका लॅमिनायटिसचा, म्हणजे खुराच्या आतल्या सुजेचा. जनावर पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन उभं राहतं. असं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

आधी स्वस्तातल्या तपासण्या

घोडं वाळतंय म्हणजे कुशिंगच, असं नाही. दात झिजून टोकदार झाले, पोटात जंत झाले किंवा सर्रा झाला तरी जनावर वाळतं. या गोष्टी कमी खर्चात तपासता येतात, म्हणून त्या आधी करून घ्या. मग कुशिंगसाठी एसीटीएचची रक्ततपासणी.

इथे पैसे वाया जाण्याची शक्यता मोठी. नमुना जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्यावा लागतो, थंड ठेवावा लागतो आणि लवकर प्रयोगशाळेत पोचावा लागतो. एप्रिलच्या उन्हात डिक्कीत पडलेला नमुना कामाचा नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात निरोगी घोड्यातही हे संप्रेरक वाढतं, त्यामुळे रिपोर्ट वाचताना महिना लक्षात घ्यावा लागतो. नमुना कुठे पाठवायचा हे रक्त काढण्याआधी डॉक्टरांकडून पक्कं करा. अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यकीय संस्था आणि नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इथे विचारणा करता येते.

औषध आणि महिन्याचा हिशेब

या आजारावरचं मुख्य औषध पर्गोलाइड. घोड्यांसाठीची ‘प्रासेंड’ ही गोळी १ मिलिग्रॅमची येते. सुरुवातीचा डोस साधारण दर किलो वजनाला २ मायक्रोग्रॅम, रोज एकदा. म्हणजे २५० किलोच्या टट्टूला अर्धी गोळी, ५०० किलोच्या घोड्याला एक. त्यामुळे वजनाचा अंदाज चुकला की खर्चही चुकतो.

वजन टेपने काढता येतं. पुढच्या पायामागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १४५ आणि लांबी १४० असेल तर वजन येतं सुमारे २४८ किलो.

हिशेबापुरता गोळीचा भाव १०० रुपये धरला, तर रोज अर्ध्या गोळीने महिन्याला १५ गोळ्या, म्हणजे १,५०० रुपये. वर्षाचे सुमारे १८ हजार. खरा भाव दुकानदाराकडून घेऊन हाच हिशेब करा आणि सहा महिने झेपेल का ते बघून औषध सुरू करा. महिनाभर देऊन पैशापायी बंद केलं, तर आजार पुन्हा उसळतो आणि आधीचा खर्च पाण्यात जातो.

हे औषध तालुक्याच्या मेडिकलवर सहसा नसतं. कारणही उघड आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात घोडे-टट्टू मिळून फक्त ३.४ लाखांच्या आसपास उरले होते. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आधीच मागणी द्या.

गोळी कुटू नका, हातमोजे घाला, गरोदर बाईने ती हाताळू नये. घोडीने चारा सोडला तर डॉक्टरांना कळवा. डोस काही दिवस थांबवून कमी करावा लागतो. एक ते तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासा. कमी डोसवर भागत असेल तर तेवढेच पैसे वाचतात.

स्वस्त पर्याय कितपत खरे?

सायप्रोहेप्टाडिन स्वस्त आहे, पण पर्गोलाइडपेक्षा कमी पडतं. कॅबरगोलिन माणसांच्या औषधांत मिळतं, पण घोड्याला ते किती आणि कसं द्यायचं हे डॉक्टरच ठरवतील. परदेशात या आजारावर विकली जाणारी वनस्पती निर्गुडीच्या कुळातली आहे, पण ती आपली निर्गुडी नव्हे. तिनेही एसीटीएच कमी झाल्याचं सिद्ध झालेलं नाही.

‘एका सुईत बरं करतो’ म्हणून कोणी स्टिरॉइड टोचत असेल तर थांबवा, त्याने लॅमिनायटिस ओढवू शकतो. दुखण्यासाठी माणसांचं डायक्लोफेनॅकही नको. गिधाडं मरतात म्हणून २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही बंदी आली.

बिनपैशाचे उपाय

- गूळ, ज्वारी-मक्याचा भरडा, उसाचे वाढे बंद. आपल्या भागात गळालेली संत्री जनावरांपुढे टाकतात. या घोडीला ती नको, त्यात साखर असते.
- वाळलं गवत अर्धा-एक तास पाण्यात भिजवून, पाणी ओतून टाकून द्या. साखर कमी होते.
- लांब केस मशीनने कापा, सावली आणि भरपूर पाणी ठेवा.
- दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर घासून घ्या.

आजार सुरुवातीचा असेल आणि खूर ठीक असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने काही काळ एवढ्यावरही निभावता येतं. एकदा खुराला सूज आली की मात्र गोळीला आधी पैसे काढावे लागतात.

सरकारी मदत

१९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करता येतो. मार्च २०२५ मध्ये केंद्राने जनावरांच्या स्वस्त जेनेरिक औषधांसाठी ‘पशु औषधी’ योजना मंजूर केली, पण पर्गोलाइड त्यात मिळेलच असं धरून चालू नका. विमा जनावर दगावल्यावरचा असतो, रोजच्या गोळीचा नाही.

उपचार करूनही घोडी उठत नसेल, रात्रंदिवस कण्हत असेल, तर पुढे काय हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. ज्या घोडीने वीस वर्षं घर चालवलं, तिला कर्ज काढून वेदनेत ठेवणं हा उपचार नाही. आणि रस्त्यावर मोकळी सोडून देणं तर नाहीच नाही.