बॅटरीचा उजेड

आमच्या बेळगाव भागात टॉर्चला अजूनही 'बॅटरी'च म्हणतात, आणि तिच्या पोटात जातात ते 'सेल'. सासूबाईंची बॅटरी पितळेची होती, तीन मोठ्या सेलची, हातात घेतली तर वरवंट्यासारखी जड. भाद्रपदात, दशलक्षणाच्या दिवसांत, पहाटे बस्तीला निघताना ती त्यांच्या हातात असायची. झोत लांब फेकायचा नाही, पायापुढच्या चार हातांवर ठेवायचा, हा त्यांचा नियम. मुनींच्या ईर्यासमितीतलाच हा दंडक. पण मुनी अंधारात चालतच नाहीत. आपण संसारी बायका चालतो, म्हणून बॅटरी.

काही वर्षांपूर्वी मी हौसेनं खिशात मावणारी एलईडीची बॅटरी घेतली. एकच पेन्सिल सेल, बोटाएवढी नळी, आणि उजेड असा की गल्लीच्या टोकाचं कुत्रं उठून बसावं. पहिल्याच पहाटे तिच्या पांढऱ्याशुभ्र झोतात चालताना माझ्या पायाखाली गांडूळ आलं. तांबडी माती, पावसाचं पाणी, त्यात तांबूस गांडूळ. सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसत होतं. सासूबाई मागं होत्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "उजेड आहे गं, पण त्यात रंग नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून या बॅटरीची कुळकथा शोधत गेले.

ती सुरू होते न्यूयॉर्कमध्ये. डेव्हिड मिसेल नावाच्या इंग्रज कारागिरानं कागदी नळीत सेल बसवले, टोकाला बल्ब आणि पितळी परावर्तक लावला. 10 जानेवारी 1899 रोजी त्याचं पेटंट मिळालं. ते कॉनराड ह्यूबर्ट या मिन्स्कहून आलेल्या स्थलांतरिताच्या कंपनीच्या नावे होतं, आणि याच कंपनीच्या मालावर पुढं 'एव्हरेडी' हे नाव आलं. तेव्हाचे सेल इतके दुबळे की दिवा सलग लावता येत नसे. क्षणभर चमकवायचा आणि सेलला विसावा द्यायचा. म्हणून अमेरिकेत त्याला 'फ्लॅशलाइट' म्हणू लागले. पहिल्या बल्बांत कार्बनची तार होती, 1910 च्या पुढं टंगस्टनची आली आणि उजेड टिकू लागला. रंग मात्र पिवळाच राहिला, कारण तापलेली तार पिवळीच दिसते. सेल उतरू लागला की तार कमी तापते आणि उजेड तांबूस होतो. सासूबाई झोताच्या रंगावरूनच सांगायच्या, "आता बाजारच्या दिवशी सेल आणायला पाहिजेत." नवी एलईडी असं काही सांगत नाही. बऱ्याच बॅटऱ्यांत ती शेवटपर्यंत तशीच जळते आणि मग पटकन डोळा मिटते.

पांढऱ्या एलईडीचं गुपित मला पुतण्यानं सांगितलं. तो इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "काकू, पांढरी एलईडी मुळात निळी असते." निळा उजेड देणारा कण, त्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप, दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. हा निळा कण जपानी शास्त्रज्ञांनी साधला आणि त्यासाठी 2014 चं नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना मिळालं. स्वस्त बॅटरीत लेप पातळ, निळा जास्त, आणि तांबडा जवळजवळ नाहीच. माझं गांडूळ हरवलं ते इथंच.

उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. समईची ज्योत 1900 च्या आसपास, जुन्या बॅटरीचा बल्ब अडीच हजारांच्या पुढं, आणि माझी एलईडी साडेसहा हजारांची. आकडा वाढला की उजेड निळसर, कमी झाला की पिवळा. पण एवढ्यानं भागत नाही. रंग किती खरे दिसतात त्याचं वेगळं माप आहे, सीआरआय. शंभर म्हणजे पूर्ण. घेताना तीन-साडेतीन हजार केल्विन आणि नव्वदच्या पुढं सीआरआय बघावा. काहींच्या उजेडात हिरवट छटा असते, ती तर सर्वांत वाईट. वरणसुद्धा नासल्यासारखं दिसतं.

दुसरी गोष्ट किड्यांची. रात्रीच्या पुष्कळ किड्यांना निळा आणि त्याच्याही पलीकडचा उजेड जास्त ओढतो. पहिल्या पावसात वाळवीची पाखरं पिवळ्या दिव्याभोवतीही येतातच, पण निळसर पांढऱ्याभोवती जास्त. बॅटरीत ज्योत नाही, पतंग जळत नाही, म्हणून आपल्या बायकांनी ती निर्धास्त हाती घेतली. (वीज हा सचित्त अग्निकाय आहे की नाही, या वादात मी पडत नाही. त्यात माझ्याहून जाणते लोक पडलेत.)

सेलबद्दल थोडक्यात सांगते. जस्त-कार्बनचा साधा सेल स्वस्त, पण विसरून आत राहिला तर जस्ताचं कवच खाऊन फुटतो. अल्कलाइन जास्त टिकतो, तोही गळतोच. लिथियम-आयनला जोर फार. पण त्यातला पेन्सिल सेलच्याच आकाराचा एक प्रकार 3.7 व्होल्टचा असतो, तो दीड व्होल्टच्या बॅटरीत घालू नये. घरासाठी मला निकेल-मेटल हायड्राइडचे पेन्सिल सेल पटले. व्होल्ट 1.2, पण शेकडो वेळा चार्ज होतात.

इथवर सगळं सोपं होतं. मग मी सेलच्या कंपनीचा इतिहास वाचला आणि अडकले.

एव्हरेडीचे सेल हिंदुस्थानात 1905 पासून येत होते. 1939 मध्ये कलकत्त्याला कारखाना निघाला. अमेरिकेतली मूळ कंपनी तोवर युनियन कार्बाइडमध्ये मिसळली होती, आणि 1959 मध्ये इथल्या कंपनीचं नावही युनियन कार्बाइड इंडिया झालं. पुढं वडोदऱ्याहून नोव्हिनोचे सेल निघाले, तरी खेड्यापाड्यांत एव्हरेडीच जास्त. युनियन कार्बाइड इंडियाचा मोठा धंदा सेलचाच. तिचाच दुसरा कारखाना भोपाळला, किडे मारायचं औषध करणारा. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री तिथून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसं गेली. 1994 मध्ये अमेरिकी कंपनीनं आपला हिस्सा विकला आणि सेलवाली कंपनी पुन्हा एव्हरेडी झाली.

म्हणजे पायाखाली किडा येऊ नये म्हणून आमच्या घरात सेलवर जे पैसे गेले, ते किडे मारणाऱ्या कारखान्याच्या मालकाकडेच गेले. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवून बराच वेळ गप्प बसल्या. मग विचारलं, "ते लोक रात्री पळाले, तेव्हा त्यांच्या हातात बॅटऱ्या होत्या का गं?" मला उत्तर माहीत नव्हतं.

पुतण्यानं पिवळ्या उजेडाची छोटी बॅटरी आणून दिली आहे. या भाद्रपदात तिच्या झोतात वाणी किडा वाणीसारखा लाल दिसला, गांडूळ मातीपासून वेगळं दिसलं. सासूबाई आता बस्तीपर्यंत चालू शकत नाहीत, पण बॅटरी हातात घेऊन त्यांनी तळव्यावर झोत पाडून पाहिला आणि परत दिली.

मेलेले जुने सेल मी डालड्याच्या डब्यात साठवते. सत्तावीस झालेत. घंटागाडीत टाकायला हात होत नाही, परसात पुरायचा तर प्रश्नच नाही, आणि गावात ते कुठं द्यायचे हे दोन ठिकाणी विचारलं तर दोघांनीही तिसऱ्याकडं पाठवलं. डबा माडीवर आहे.