टर्बो गाडीत कॅनिस्टर हलवताय? पेट्रोलच्या वाफेचा हा डबा आधी समजून घ्या

सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे गेला की उन्हात उभ्या गाडीच्या टाकीतलं पेट्रोल गरम होतं आणि त्याची वाफ होते. ही वाफ कुठेतरी जायला हवी. बाहेर सोडली तर वास येतो, प्रदूषण होतं आणि आगीचा धोका वाढतो. कोंडून ठेवली तर टाकीत दाब वाढतो. यावर कार कंपन्यांनी काढलेला उपाय म्हणजे चारकोल कॅनिस्टर. मेकॅनिक त्याला नुसतं 'कॅनिस्टर' किंवा 'कोळशाचा डबा' म्हणतात.

गाडी मॉडिफाय करताना, खास करून मोठा इंटरकूलर किंवा नवीन टर्बो बसवताना, हा काळा डबा हमखास वाटेत येतो. मग दोनच पर्याय समोर येतात: हलवा, नाहीतर काढून टाका. दुसरा पर्याय का नको आणि पहिला नीट कसा करायचा, ते बघू.

डब्यात असतं काय?

आत अॅक्टिव्हेटेड कार्बन असतो, म्हणजे खास प्रक्रिया केलेला कोळसा. त्याला इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की एका ग्रॅम कोळशाचा आतला पृष्ठभाग १००० चौरस मीटरपेक्षा जास्त भरतो. आपल्या भाषेत, चिमूटभर कोळशात साधारण दहा गुंठे जागा! या जागेवर पेट्रोलची वाफ चिकटून बसते.

डब्याला सहसा तीन तोंडं असतात. एक टाकीकडून येतं, त्यातून वाफ आत शिरते. दुसरं बाहेरच्या हवेला उघडं असतं, त्याला व्हेंट म्हणतात. तिसरं इंजिनकडे जातं, आणि त्या वाटेवर पर्ज व्हॉल्व्ह बसवलेला असतो. इंजिन गरम होऊन चालू लागलं की ईसीयू हा व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडतो. इंजिनच्या ओढीने व्हेंटमधून ताजी हवा आत येते, कोळशावर बसलेली वाफ सोडवते आणि सगळं मिश्रण सिलिंडरमध्ये जाऊन जळतं. डबा रिकामा होतो आणि पुढच्या रात्रीसाठी तयार राहतो.

कल्पना जुनी आहे. कॅलिफोर्नियात १९७० च्या मॉडेलपासून आणि पूर्ण अमेरिकेत १९७१ पासून अशी सोय सक्तीची झाली. आपल्याकडे बीएस६ पेट्रोल कारला बंद खोलीतल्या चाचणीत २ ग्रॅमपेक्षा जास्त वाफ सोडायची परवानगी नाही. डिझेलची वाफ फारशी होत नाही, त्यामुळे डिझेल गाडीत हा डबा नसतो.

टर्बो आला की गणित बदलतं

साध्या इंजिनात इनटेक मॅनिफोल्डमध्ये चालू असताना बहुतेक वेळ व्हॅक्यूम असतो, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब. त्यामुळे वाफ आपोआप ओढली जाते. टर्बो इंजिनात मात्र पाय दाबला की मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त होतो.

आकड्यात बघू. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इंजिन बंद आणि इग्निशन ऑन असताना इथे मॅनिफोल्डचा मॅप सेन्सर ९५-९६ किलोपास्कल दाखवेल. इंजिन आयडलला असताना हाच आकडा ३०-४० पर्यंत खाली येतो. आणि टर्बोने एक बार बूस्ट दिला की तो १९५ च्या आसपास जातो.

आता विचार करा, पर्जच्या वाटेवर एकतर्फी व्हॉल्व्ह, म्हणजे चेक व्हॉल्व्ह, नसेल तर काय होईल? हा दाब उलटा कॅनिस्टरमध्ये आणि तिथून टाकीकडे जाईल. पर्ज व्हॉल्व्ह बंद आहे ना, असं म्हणून भागत नाही. साध्या इंजिनासाठी बनलेले बरेच पर्ज व्हॉल्व्ह व्हॅक्यूम अडवायला बनवलेले असतात. उलट्या बाजूने दाब आला की गळू शकतात. मग टाकीचं झाकण उघडताना फुस्स आवाज, व्हेंटमधून पेट्रोलचा वास, आणि वर बूस्टची गळती.

म्हणून कंपनीकडून येणाऱ्या टर्बो गाड्यांमध्ये सहसा दोन वाटा असतात. आयडल आणि हलक्या चालीत वाफ मॅनिफोल्डमध्ये जाते. बूस्टमध्ये ती टर्बोच्या आधीच्या पाईपमध्ये जाते, कारण कॉम्प्रेसर तिथून हवा खेचत असतो. दोन्ही वाटांवर चेक व्हॉल्व्ह असतात. तुमच्याकडे पोलो टीएसआय, नेक्सॉन पेट्रोल किंवा अशीच टर्बो गाडी असेल तर डबा हलवताना या दोन वाटा आणि त्यांचे व्हॉल्व्ह आहेत तसेच राहिले पाहिजेत. साध्या इंजिनाला बाहेरून टर्बो किट बसवलं असेल तर पर्जच्या वाटेवर चांगल्या प्रतीचा, पेट्रोलच्या वाफेला टिकणारा चेक व्हॉल्व्ह घालणं हे डबा हलवण्याआधीचं काम आहे. त्यावरचा बाण इंजिनच्या दिशेने हवा. उलटा बसवला तर डबा कधीच रिकामा होणार नाही.

नवीन जागा कशी निवडायची?

सगळ्यात आधी उष्णता. पेट्रोल टर्बोत एक्झॉस्ट गॅस ९०० अंशांच्या पुढे जाऊ शकतो, आणि टर्बोचं हाउसिंग, डाउनपाइप हे सगळं प्रचंड तापतं. पेट्रोलची वाफ ठिणगीशिवाय, फक्त गरम पृष्ठभागामुळे पेटायला साधारण २५०-२८० अंश पुरतात. शिवाय कोळसा जितका गरम, तितकी त्याची वाफ धरून ठेवायची ताकद कमी. म्हणजे टर्बोशेजारचा डबा भरलेली वाफ स्वतःच बाहेर टाकायला लागतो. हीट शील्ड लावून तिथेच बसवू, हा जुगाड मला तरी पटत नाही. लांब जा.

लांब म्हणजे कुठे? पुढच्या चाकावरच्या फेंडरच्या आत, लायनरच्या मागे, जागा असेल तर चांगली. मागच्या बाजूला टाकीजवळ तर उत्तमच. अनेक कंपन्या स्वतःच तिथे बसवतात. पुढच्या बंपरला लागून नको, कारण साध्या टकरीतही डबा फुटेल. केबिनमध्ये तर अजिबात नको. डिकीत ठेवतात काही जण, पण जोडात बारीकशी गळती झाली तरी बंद गाडीत वाफ साठते. पेट्रोलमध्ये बेंझिन असतं, आपल्याकडच्या मानकानुसार १ टक्क्यापर्यंत, आणि बेंझिनमुळे कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. मागच्या सीटवर घरातली लहान मुलं बसतात, हे विसरू नका.

व्हेंटचं तोंड कुठे उघडतं याकडे बहुतेक जण बघतच नाहीत. आपल्याकडची धूळ, त्यात उन्हाळ्यातले वारे. तोंडाला फिल्टर नसेल तर कोळशाची छिद्रं धुळीने बुजतात. आणि पावसात चाकाने उडवलेलं पाणी थेट आत जाणार नाही अशा उंचीवर ते हवं. व्हेंट पूर्ण बंद झालं तर टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि झाकण उघडताना हवा आत खेचल्याचा आवाज येतो. हे लक्षण हलक्यात घेऊ नका.

पाईप टाकताना

ईएफआय किंवा फ्युएल व्हेपरसाठी बनवलेलाच होज घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला पारदर्शक पाईप महिन्या-दोन महिन्यांत कडक होऊन तडकतो, आणि आता पंपावर मिळणाऱ्या ई२० पेट्रोलमधलं इथेनॉल साध्या रबरला आणखी त्रास देतं. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, त्यामुळे इथेनॉल इथे कुणाला नवीन नाही. पण एक गोष्ट कमी जणांना माहीत असते: पेट्रोलमध्ये थोडं इथेनॉल मिसळलं की वाफेचा दाब उलट वाढतो. साधारण ५-१० टक्क्यांना तो सगळ्यात जास्त असतो आणि त्यापुढे हळूहळू उतरतो.

होजचा आतला व्यास मूळ पाईपाइतकाच ठेवा. वाटेत झोळ पडू देऊ नका. वाफ थंड होऊन थेंब झाले तर ते झोळात साचतात आणि वाट अडवतात. उतार टाकीकडे असला की थेंब परत टाकीत जातात. पर्ज व्हॉल्व्ह शक्यतो मूळ जागी, इंजिनजवळच ठेवा आणि लांबी कॅनिस्टर ते व्हॉल्व्ह या भागात वाढवा. व्हॉल्व्हच लांब नेला तर ईसीयूने आदेश दिल्यावर वाफ पोहोचायला उशीर होतो आणि व्हॉल्व्ह बंद झाल्यावरही पाईपात उरलेली वाफ इंजिनात जात राहते. लॅग असलेल्या नेटवर्कवर गेम खेळल्यासारखं.

काम थंड इंजिनवर, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून आणि मोकळ्या जागेत करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत आणि खड्ड्यात साचते. शटर ओढलेलं गॅरेज आणि शेजारी वेल्डिंग, हे नकोच. तोंडं काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा आणि प्रत्येक पाईपाला चिकटपट्टीवर नाव लिहा. तिन्ही तोंडं बऱ्याचदा एकसारखीच दिसतात.

फोनवर तपासा

ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी डोंगल आणि एखादं अॅप असेल तर बरंच काही घरबसल्या कळतं. अॅपमध्ये 'कमांडेड इव्हॅपोरेटिव्ह पर्ज' हा आकडा शोधा. गाडी गरम झाल्यावर तो शून्यावरून वर जायला हवा. त्याच वेळी शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम बघा: डबा भरलेला असेल तर ट्रिम उणे बाजूला जाईल, कारण जादा पेट्रोल वाफेतून येतंय म्हणून ईसीयू इंजेक्टरचं प्रमाण कमी करतो. पर्ज वाढतोय पण ट्रिम सतत अधिक बाजूला पळतोय, असं दिसलं तर कुठूनतरी बाहेरची हवा शिरतेय असं समजा. डबा पूर्ण रिकामा असेल तरी ट्रिम थोडा अधिक दिसतो, त्यामुळे एका आकड्यावर निकाल देऊ नका. टाकी भरल्यावर पुन्हा बघा.

फॉल्ट कोडच्या बाबतीत एक फसगत होते. यूट्यूबवरचे अमेरिकन व्हिडिओ सांगतात की गळती असेल तर पी०४४२ किंवा पी०४५५ येईल. तिथे अर्धा-एक मिलिमीटरच्या छिद्राएवढी गळती पकडणारी यंत्रणा सक्तीची आहे. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत तशी यंत्रणाच नसते. ईसीयू मुख्यतः पर्ज व्हॉल्व्हची वायरिंग तपासतो. त्यामुळे चेक इंजिन लाईट लागली नाही म्हणजे गळती नाही, असं इथे म्हणता येत नाही. खात्रीसाठी चांगल्या वर्कशॉपमधून स्मोक टेस्ट करून घ्या.

"काढूनच टाकू की"

हा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळेल, सोबत 'रीमॅपमध्ये कोड बंद करून देतो' हेही. माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे हे ऐकलं की मला एरर मेसेज कॉमेंट करून बग 'सोडवणारे' आठवतात. टाकीत वाफ तयार होणं काही थांबत नाही, ती फक्त तुमच्या पार्किंगमध्ये सुटते. आणि या डब्यामुळे पॉवर कमी होते हा समज चुकीचा आहे. फुल थ्रॉटलवर पर्जचा वाटा इंजिनच्या एकूण हवेत नगण्य असतो.

पीयूसी पास झाली म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. पीयूसीत सायलेन्सरमधून येणारा धूर मोजतात. टाकीची वाफ तिथे मोजलीच जात नाही.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे टर्बो किटसारखं मोठं काम करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. आग लागल्यावर सर्वेअर सगळ्यात आधी बॉनेटखालचे न कळवलेले बदलच बघतो.

आणि डबा जुन्या जागी असो वा नव्या, पंपावर नोझल एकदा कट झाल्यावर 'राउंड फिगर करा' म्हणू नका. जादा भरलेलं पेट्रोल वाफेच्या पाईपातून थेट कॅनिस्टरमध्ये उतरतं. ओल्या झालेल्या कोळशाची वाफ धरायची ताकद जाते, आणि मग तो डबा बदलावाच लागतो.