नीरेकाठचा दुष्काळ आणि मिनेसोटाचा हिवाळा

१/ शिरवळच्या नीराकाठी थंडी बेताची पडली, की अंगावर पुरेसे पांघरूण नसलेल्यांना दिलासा मिळतो. पण गव्हाचा दाणा नीट भरत नाही. सौम्य हिवाळा एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने नेतो. १८७७-७८ मध्ये हा व्यवहार दोन खंडांत मिळून घडला.

२/ १८७६ मध्ये दख्खनचा पाऊस फसला. सातारा, पुणे, सोलापूर दुष्काळाच्या विळख्यात सापडले. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरील पुरुषाची मजुरी दिवसाला १ पौंड धान्य आणि १ आणा इतकी खाली आणली. मजुरांनी कामे सोडून निषेध केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली.

३/ सावरण्याची आशा होती, तोच १८७७ उजाडले. १८७१ पासूनच्या नोंदींत हिंदुस्थानचा सर्वांत तुटपुंजा मोसमी पाऊस याच वर्षीचा. १८७६-७८ च्या दुष्काळाने देशभरात ५० लाखांहून अधिक बळी घेतले, असा अंदाज आहे.

४/ १८७७ च्या या अवर्षणामागे प्रबळ एल निनो होता. पॅसिफिक महासागराचा विषुववृत्तीय पट्टा विलक्षण तापला, वाऱ्यांची घडी विस्कटली आणि त्याच तापाने उत्तर अमेरिकेत ध्रुवीय थंडीची वाट अडवली.

५/ मिनेसोटात त्या वर्षी जणू हिवाळा आलाच नाही. सरपण वाचले, गुराढोरांचे हाल टळले. मिनियापोलिस-सेंट पॉल येथील त्या उबदार हिवाळ्याचा उच्चांक २०२३-२४ पर्यंत अबाधित होता. परंतु जंगलातले ओंडके बर्फावरून घसरगाड्यांनी ओढले जात. बर्फच नसल्याने लाकूडतोडीचा धंदा अडला.

६/ दक्षिणेत याहून भीषण घडले. १८७८ च्या उन्हाळ्यात पीतज्वराने एकट्या मेम्फिस शहरात सुमारे ५,००० माणसे दगावली. कडाक्याच्या थंडीअभावी डास तगले, हे त्यामागचे एक कारण अभ्यासक मानतात. त्या काळी मात्र डासांवर फारसा कोणाचा संशय नव्हता. त्यांचा दोष १९०० मध्ये सिद्ध झाला.

७/ दोन्ही टोकांना जोडणारा धागा उलगडायला जवळपास शतक लागले. हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर मोसमी पावसाचे भाकीत शोधत असताना त्यांना पॅसिफिकवरील वायुदाबाचा हेलकावा गवसला. १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस यांनी त्याची सांगड एल निनोशी घातली.

८/ दख्खनने मात्र कारण कळण्याची वाट पाहिली नाही. १८८० च्या दशकात वीर येथून नीरेचा डावा कालवा निघाला. त्याला पाणी पुरवण्यासाठी भोरजवळ भाटघरचे धरण उभे राहिले. ते पाणी आजही शिरवळजवळून वाहत वीरला पोहोचते आणि बारामती-इंदापूरची शेते भिजवते. समुद्र कधी तापेल हे माणसाच्या हाती नव्हते. पाणी साठवणे आणि उपाशी मजुराला किती द्यायचे हे ठरवणे, एवढे मात्र होते.